तुडमाचा कागद

१८ ऑगस्ट १९८१, भंडारा

देव्हारे सरांनी माझं पान पुन्हा लाल करून परत दिलं. गृहपाठ होता, स्टोव्ह कसा पेटवावा. मी दीड पान लिहिलं. आधी स्टोव्हचे फायदे, मग चुलीचा धूर, मग मायच्या डोळ्यांचा त्रास. सरांनी पहिली नऊ वाक्यं एका रेघेत उडवली अन् वर्गापुढं म्हणाले, "बाई, वाचक काडी हातात घेऊन उभा आहे." सगळे हसले. बाजूची पुष्पा सगळ्यांत जास्त.

ता.ले. (तांत्रिक लेखन. पूर्ण नाव रोज कोण लिहील) हा पेपर कोणी काढला देव जाणे. बाकी पेपरांत जितकं लिहाल तितके मार्क. इथं जितकं खोडाल तितके. शाळेत निबंधाला दरवर्षी पहिला नंबर यायचा, ते सगळं आता चुलीत घाला.

२२ ऑगस्ट, गावी

एस.टी.नं एकोडीपर्यंत, पुढं पायी. चिखल.

सरांचे नियम घरी वाचून दाखवले. एका ओळीत एकच काम. प्रत्येक कामाला आकडा, अन् आकडे एकाखाली एक, करायच्या क्रमानं. 'थोडं', 'साधारण', 'नीट' हे शब्द दिसले की अर्धा मार्क कापतात. पानावर पांढरी जागा सोडायची, डोळ्याला श्वास घ्यायला. बाबा ऐकून नुसते सुपारी कातरत राहिले. माय म्हणे, 'थोडं मीठ' नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? मी म्हटलं, एक चमचा. म्हणे, कोणता चमचा?

सर असते तर तिला दहापैकी दहा दिले असते.

२ सप्टेंबर, भंडारा

पोळ्याच्या पाडव्याला बाबा तलावाच्या पाळीवरून घसरले. खाली दगड. मांडीचं हाड मोडलं. इथल्या दवाखान्यात आणलं आहे. पायाला दोरी, दोरीला वजन, पलंग एका बाजूनं उचललेला. डॉक्टर म्हणाले, दोन महिने हलायचं नाही. बाबा म्हणाले, "मंग पाणी कोण सोडल?"

दोन महिने पाय लटकलेला राहणार अन् या माणसाला तलावाच्या पाण्याची पडली आहे. मी चिडली. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली.

६ सप्टेंबर

सरपंच भेटायला येऊन गेले. गोड बोलले, पण बोलले ते बोललेच. या महिन्याच्या शेवटी भारी, म्हणजे उशिरा येणाऱ्या, धानाला पाणी लागेल. तेव्हा आमच्या घरच्या कोणी नीट सोडलं तर पाणकराचं काम आमच्याच घरी राहील. नाही तर गाव दुसरं घर पाहील. ते गेल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. तीस वर्षं झाली त्यांना पाणकर होऊन. आजोबाही पाणकरच होते. आमच्या घराला गावात पत्ता सांगायचा तर 'पाणकराच्या घराजवळ' म्हणतात, दुसरं आडनाव कोणाला माहीत नाही.

आम्ही दोघी बहिणी. तेव्हा उरला रामदास, माझा चुलतभाऊ. आठ वर्षं तुमसरकडच्या खाणीत होता, उन्हाळ्यात परत आला. माणूस ताकदीचा अन् मनाचा साफ. पण जिथून पाणी सोडतात त्या तुडमावर कधी चढला नाही.

९ सप्टेंबर

रामदास दवाखान्यात येऊन गेला. बाबा त्याला पाणी कसं सोडायचं ते सांगायला बसले. सुरुवात कुठून? तर आजोबांच्या वेळी पाळ फुटली होती तिथून. मग कोणाचा बैल वाहून गेला, मग तो बैल कोणाकडून घेतला होता. एक तासानं रामदासनं विचारलं, "पण काका, खुटा कोणता काढू?" बाबा भडकले. "येवढा वेळ काय सांगून राहिलो मी?" रामदास पाच वाजताच्या गाडीनं परत गेला, डोक्याला हात लावून. पुन्हा येणार नाही म्हणाला, मजुरी बुडते.

११ सप्टेंबर

ता.ले.चा पन्नास मार्कांचा प्रकल्प. असं एक काम निवडा जे कोणाला तरी खरोखर करायचं आहे अन् येत नाही. त्याचं एक पान लिहा, स्टेन्सिल कापा, सायक्लोस्टाइल करा. पान त्या वाचकाच्या हातात द्या अन् तोंड बंद ठेवा. त्यानं विचारलं तरी सांगायचं नाही. त्याला त्या पानावरून काम जमलं तर तुम्ही पास.

पुष्पानं शिवणयंत्रात दोरा ओवणं घेतलं. मी तुडूम घेतला. सरांनी विचारलं तुडूम म्हणजे काय. मी सांगितलं, पाळीपासून तलावात उतरत गेलेल्या चार दगडी पायऱ्या. प्रत्येक पायरीला एक भोक, भोकात लाकडी खुटा. खुटा उपसला की पाणी पाळीच्या पोटातून पाटात अन् पाटातून धानाच्या बांध्यांत. सर खूश. म्हणाले, "आता जे बोललात तेच लिहा."

एका दगडात दोन पक्षी, असं वाटून आली घरी. म्हणजे मावशीकडे.

१५ सप्टेंबर

कपाळ माझं. रोज कॉलेज सुटलं की दवाखान्यात वही घेऊन बसते.

किती वेळ खुटा काढून ठेवायचा? — धान पाहून. धानाचं काय पाहायचं? — आता धानाचं काय पाह्यतेत! खुटा पूर्ण काढायचा की अर्धा? — पाणी सांगते. पाण्याला तोंड आहे का, मी म्हटलं. बाजूच्या पलंगावरचे आजोबा हसले तर बाबांना राग आला अन् त्यांनी उद्या येऊ नको म्हणून सांगितलं.

१६ सप्टेंबर

गेलीच.

१९ सप्टेंबर

आज जमलं. बाबांचा मूड बरा होता, मायनं झुणका पाठवला होता. सरळ सरळ बोलले. तलाव भरला असला की चौथा खुटा आधी काढायचा. पाणी त्याच्या खाली गेलं की तिसरा. मग दुसरा. पहिल्याला हात लावायचा तो फाल्गुनात, तळ दिसायला लागल्यावर.

म्हणजे बाबा खालून मोजतात. तळाचा पहिला, पाळीजवळचा चौथा. पानावर हे लिहायचं कसं? पहिल्या ओळीत चौथा, दुसऱ्या ओळीत तिसरा, असं उलटं मांडलं तर सर फाडून फेकतील. करायच्या क्रमानं आकडे पाहिजेत. मी सगळे सुलटे केले. पाळीजवळचा क्र. १, तळाचा क्र. ४. पायरी १, खुटा क्र. १. पायरी २, खुटा क्र. २. वाचताना कसं गुळगुळीत लागतं. शेजारी तुडमाचं चित्र काढणार आहे, वरून खाली आकडे घालून. म्हणजे गोंधळ नको.

२२ सप्टेंबर

मराठी टाइपरायटरवर 'ठ' उठत नाही. 'खुटा'त 'ठ' नाही, 'पाठ'मध्ये आहे, नशीब मला 'पाट' लिहायचा होता. स्टेन्सिलवर चित्र काढायला लेखणी धरली अन् दुसऱ्याच पायरीला कागद फाटला. स्टेन्सिल बुजवायचं लाल औषध लावून बुजवला. छापून पाहिलं तर तुडमाच्या जागी काळा डाग, म्हैस बसल्यासारखा. एका विद्यार्थ्याला एकच स्टेन्सिल. ऑफिसातल्या बाईंच्या हातापाया पडली, त्या म्हणाल्या पुढल्या महिन्यात या.

चित्राचा सगळा चौकोनच बुजवून टाकला. पान उजव्या बाजूला रिकामं राहिलं. राहू दे. ओळी सरळ आहेत.

२४ सप्टेंबर

सरांनी माझं पान वर्गापुढं धरलं! म्हणाले, "पांढरी जागा पाहा. काय मोकळं ठेवलंय." म्हैस बुजवली ती. मी गप्प. आकडे, समास, क्रियापदं, सगळ्यांची वाखाणणी. पन्नासपैकी चव्वेचाळीस, वाचकाकडून पसंती आल्यावर पक्के. पान नोटीसबोर्डावर लावलं. पुष्पाला एकतीस. तिनं आज माझ्याशी बोलणं टाकलं.

बाबांना पान दाखवलं. चष्मा घरी राहिला आहे. त्यांनी नुसतं हात फिरवून पाहिलं अन् म्हणाले, छापल्यासारखं दिसते.

२६ सप्टेंबर, गावी

रामदासला पान दिलं. दोनदा वाचलं त्यानं, बोट ठेवून. एकदा डोकं खाजवलं अन् तोंड उघडलं. मी बोटानं पान दाखवलं अन् म्हटलं, "डोकं चालवू नको. कागदात जे हाय तेच कर." हे सरांच्या नियमात बसतं का माहीत नाही, पण म्हटलं.

उद्या सकाळी.

२७ सप्टेंबर

लिहवत नाही.

२८ सप्टेंबर, गावी (कॉलेज बुडवलं)

काल सकाळी आठ वाजता रामदास लंगोट लावून तुडमावर गेला. पान वर दगडाखाली ठेवलं होतं. पाळीवर पंधरा-वीस लोक. तो पायऱ्या उतरत गेला. पाणी छातीला लागलं तरी उतरत गेला. मग श्वास घेऊन बुडी मारली. मी पाळीवरून पाहून राहिली होती अन् मला वाटलं, याला अंघोळ सुचली का. दुसरी बुडी. तिसऱ्या बुडीला तळाचा खुटा घेऊनच वर आला.

तळाचा. सगळा तलाव डोक्यावर असताना.

पाट दोन मिनिटांत भरून वाहू लागला. खालच्या बांध्यांत हलका, लवकर येणारा धान कापून पसरला होता, तीन घरांचा, तो उचलून घेऊन गेला पाण्यानं. खुटा परत बसवायला रामदास पुन्हा बुडाला तर भोकानं त्याचा हात आत ओढला. दोघांनी पाय धरून बाहेर काढला त्याला. कोपरापासून मनगटापर्यंत साल गेली आहे. शेवटी धानाच्या तणसाची पोती टाकली, ती आपोआप ओढली जाऊन भोकात बसली, तेव्हा पाणी थांबलं. दोन तास लागले. निम्मा तलाव गेला.

सरपंचांनी विचारलं, तळाचा काहून काढला? रामदासनं पान त्यांच्या हातात दिलं. "खुटा नंबर एक, लिवलं हाय. एक म्हंजे तळचा. गावात कोणालेही इचारा." सरपंचांनी कोणालाच विचारलं नाही. त्यांनाही तळाचाच पहिला माहीत होता. सगळ्या गावाला माहीत होता. मजूर बांधकाम करतात ते खालून वर, पहिली पायरी तळाशीच बसते, असं म्हातारे म्हणाले. फक्त मला वाटलं होतं, ही एकट्या बाबांचीच मोजणी. बाया तुडमावर पाय ठेवत नाहीत. मी वीस वर्षं तो पाळीवरूनच पाहिला.

रामदास हाताला हळद लावून बसला होता. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२९ सप्टेंबर, भंडारा

बाबांना सांगायला दुसरं कोणी पाठवावं असं मायला म्हटलं. माय म्हणाली, "कागद कोणी लिवला? मंग तोंडही त्यानंच दाखवाव."

सांगितलं. बाबांनी आधी रामदासचा हात विचारला. मग वर दोरीकडे पाहिलं.

"मी चवथा म्हनलो होतो ना?"

हो म्हटलं.

"मंग?"

आकडे सरळ दिसावेत म्हणून बदलले, असं सांगितलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. बाबा ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं. ते म्हणाले, पोरगं मेलं असतं. एवढंच. हळू आवाजात. अन् पाणी मागितलं.

१ ऑक्टोबर

नोटीसबोर्डावर माझं पान अजून लावलेलं. पहिल्या वर्षाच्या दोन मुली त्यावरून समास उतरवून घेऊन राहिल्या होत्या. मला इतका संताप आला की टाचण्या ओढून पान काढलं अन् तसंच सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. सगळं सांगितलं. म्हैस पण सांगितली.

मला वाटलं सर म्हणतील, वाचकानं डोकं वापरायला हवं होतं. तसं नाही म्हणाले. पान हातात घेतलं. मग विचारलं, "हे आकडे कोणाचे आहेत? वाचकाचे की तुमचे?" मी म्हटलं, तुमचे. सर गोरेमोरे झाले. मी असं कसं बोलली मलाच कळेना. म्हणाले, हो, मी नियम सांगितला, गाव तुमचं होतं. दोघांनी मिळून घाण केली.

मार्क स्थगित. दुरुस्त पान, नवी स्टेन्सिल (सरांनी स्वतःच्या कपाटातून दिली), पुन्हा तोच वाचक.

तोच वाचक! पुन्हा त्या हाताच्या माणसापुढं कागद धरू?

४ ऑक्टोबर

सरपंचांचा निरोप. भारी धानाला अजून एक पाणी लागतंच, उरलेल्या तलावात तेवढं आहे. अकरा तारखेला आमच्या घरानं सोडावं. या वेळी चुकलं तर पुन्हा विचारायला येऊ नये. आमच्याशी उगाच चांगुलपणा नको, असंही गावात कोणी तरी म्हणालं म्हणे.

बाबांकडे वही घेऊन गेली. आकडेच नको म्हटलं, मला तुम्ही काय पाहता ते सांगा. बाबा म्हणाले, पाहत नाही, हात घालतो. तुडमावर बसून पाण्यात हात घालायचा. कोपरापर्यंत हात गेला अन् खुटा लागला तर तो काढायचा. कोपराच्या खाली असला तर तो आज आपला नाही. एवढंच. तीस वर्षांचं काम म्हणजे एवढंच! मी आठ दिवस काय विचारून राहिली होती? मी 'किती', 'कोणता' विचारत होती. 'कसं' विचारलंच नाही. अन् बाबांनी आपणहून सांगायचं, तर तेही नाही. दोघंही एकाच मातीचे.

७ ऑक्टोबर

नवं पान. पाच ओळी. 'क्रमांक' शब्द नाही. चित्र आहे, कोपरापर्यंत पाण्यात गेलेला हात. फाटलं नाही. बाबांचा चष्मा मागवला, त्यांना वाचायला दिलं. त्यांनी तिसऱ्या ओळीवर नख ठेवलं, म्हणाले 'काढावा' नाही, 'हलवत हलवत काढावा'. बदललं.

११ ऑक्टोबर, गावी

पाळीवर अख्खं गाव. रामदास आला, हाताला चिंधी. पान घेतलं. वाचलं. मी नियमाप्रमाणे गप्प. त्यानं पान घडी करून माझ्या हातात परत दिलं.

"कागद बरोबर असल," म्हणाला. "पण माहा हात आता आत जात नाही. तू म्हनली होती डोकं चालवू नको. मी नाही चालोलं. आता तू उतर, मी इथं उभा राह्यतो."

मी सरपंचांकडे पाहिलं. ते पाटाकडे पाहून राहिले होते. मागून एक म्हातारी म्हणाली, बाईचा पाय लागल तुडमाले. दुसरी म्हणाली, तळ तर फोडलाच हाय तिनं, आता पायाचं काय राह्यलं. कोणी हसलं नाही.

चप्पल काढली. पदर खोचला. वरच्या दोन पायऱ्या कोरड्या, शेवाळ वाळलेलं. त्यांच्या खालचीवर बसली. हात घातला. खरं लिहिते, मला काही बाबांचं वगैरे आठवलं नाही, फक्त रामदासची सोललेली कातडी दिसत होती. कोपर बुडायच्या जरा आधीच खुटा लागला. गुळगुळीत. हलवत हलवत ओढला. आधी येईना, मग आला. पाण्याचा आवाज झाला, मोठा नाही. पाटावरून कोणी तरी ओरडलं, ठीक हाय, ठीक हाय, येवढंच राहू दे.

पाच तासांनी परत बसवला. तोही मीच. रामदास पाळीवर उभा होता तो शेवटपर्यंत उभाच.

१२ ऑक्टोबर, भंडारा

सरांनी छापील तक्ता भरायला दिला. वाचकाचं नाव. वय. पानाची प्रत मिळाल्याची तारीख. मग: वाचकाने पान वाचून काम स्वतः केले का? हो / नाही.

अर्धा तास बसली. 'हो' लिहिलं तर कोण पाहायला येणार आहे एकोडीपलीकडे? शेवटी 'नाही' वर गोल केला. खाली एकच ओळ लिहिली: वाचकाला पानाची नव्हे, लिहिणारीची परीक्षा घ्यायची होती. सरांनी वाचलं. पास की नापास ते सांगितलं नाही. तक्ता खणात ठेवला अन् उद्याच्या तासाला अर्ज-लेखन आहे, वेळेवर या, म्हणाले. इतका राग आला.

१३ ऑक्टोबर

बाबांना तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं. हात किती गेला होता? कोपरभर, मी म्हटलं. "बरोबर," म्हणाले.

सरपंचांची चिठ्ठी आली आहे. पाणकराचं काम आमच्याच घरी ठेवायला गाव तयार आहे, दिवाळीच्या आत नाव लेखी कळवा. बाबा म्हणाले, लिही अर्ज. तारीख घातली, गाव घातलं, बाबांचं नाव घातलं. पाय मोडल्याचं एका ओळीत. पुढं 'माझ्या जागी' इथपर्यंत आली अन् थांबली. रामदास लिहू का विचारलं. बाबा माझ्या हाताकडे पाहत राहिले. रामदास तर पाण्यात हात घालायला तयार नाही, मी म्हटलं. मी चिडून म्हटलं, मग कोणाचं लिहू, सांगा तरी एकदा सरळ.

डोळे मिटून घेतले त्यांनी. झोपले नव्हते, मोडक्या पायाचा अंगठा हलून राहिला होता.